पुढारी कसा घडतो? : ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाच्या निमित्तानें

पुढाऱ्यांच्या चरित्रांची वाण मराठींत केव्हांच नव्हती. जन्म, बाळपण, विद्यार्थिदशेंतील एखादी तेजस्वी गोष्ट, पहिलें भाषण, पहिला तुरुंगवास, सन्मान, निधन आणि शेवटीं गुणवर्णन, अशा ठरीव पायऱ्यांनीं चढत जाणारे ग्रंथ आमच्या कपाटांतून रांगेनें उभे आहेत. ते वाचून चरित्रनायकाविषयीं आदर वाटतो. परंतु हा मनुष्य पुढारी झाला कसा, या प्रश्नाचें उत्तर त्यांत क्वचितच सांपडतें. चरित्रकाराच्या मतें तो मुळांतच पुढारी असतो. जगाला तें उशिरां कळतें, इतकेंच. पुढारी होण्यास काय लागतें, असें कोणीं विचारलें तर आपण सवयीनें चार गोष्टींचीं नांवें घेतों: वक्तृत्व, विद्वत्ता, कुळाचा किंवा पैशाचा आधार, आणि धडाडी. या चार गोष्टी ज्याच्यापाशीं आहेत तो लोकांच्या पुढें जाऊन उभा राहूं शकतो, यांत संशय नाहीं. परंतु पुढें उभें राहणें आणि पुढें नेणें हीं दोन निराळीं कामें आहेत. दुसऱ्या कामाचा प्रामाणिक हिशोब ज्या थोड्या मराठी पुस्तकांत मिळतो, त्यांत गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाचें स्थान आम्ही फार वरचें मानतों.

मौज प्रकाशनानें १९७० सालीं काढलेल्या या पुस्तकास १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वारल्यांच्या उठावाचा वृत्तांत म्हणून त्याचें स्वागत पुष्कळ झालें, आणि तें योग्यच होतें. परंतु आज अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावर त्याचा आणखी एक उपयोग आम्हांस दिसतो. राजकीय पुढाऱ्याचें यश कशांत असतें, हें ज्यास समजून घ्यावयाचें आहे त्यानें हें पुस्तक एकदां त्या दृष्टीनें वाचावें. लेखिकेनें तो प्रश्न उघड मांडलेला नाहीं. आणि म्हणूनच तिचें उत्तर अधिक विश्वासार्ह वाटतें.

ज्या मुलखांत हें पुस्तक घडतें त्याची ओळख प्रथम करून घेतली पाहिजे. मुंबईच्या उत्तरेस, समुद्रकिनाऱ्यापासून सह्याद्रीच्या उतारापर्यंत पसरलेला हा प्रदेश तेव्हां ठाणें जिल्ह्यांत मोडे. १ ऑगस्ट २०१४ पासून त्यांतील बहुतेक भागाचा पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला आहे. किनाऱ्याकडून आंत डोंगरांत शिरलें कीं जव्हार आणि मोखाडा लागतात. वारली, कोळी महादेव, ठाकूर, कोकणा, कातकरी या जमातींची ही भूमि. उठावाची ठिणगी पडली ती उंबरगांव व डहाणू या बाजूस. तेथून ती पालघर आणि जव्हारकडे पसरली. जव्हार हें त्या वेळीं मुकणे घराण्याचें संस्थान होतें व १९४८ सालीं तें मुंबई प्रांतांत विलीन झालें.

या संस्थानाच्या मूळ पुरुषाविषयीं एक दंतकथा ठाणें जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरांत नोंदलेली आहे. जव्हारचा मुलूख प्रथम एका वारली नायकाच्या ताब्यांत होता. जयबा मुकणे यानें त्याच्यापाशीं, बैलाच्या कातड्यानें वेढली जाईल एवढीच जागा मागितली. नायकानें ती मोकळ्या मनानें दिली. जयबानें त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, त्या टोकास टोक लावून मांडल्या आणि त्यांनीं वेढलेली सारी भूमि आपली म्हणून घेतली. कार्थेज नगरीच्या स्थापनेविषयींही हीच कथा सांगतात. तेव्हां तिला इतिहास म्हणून मान देण्याचें कारण नाहीं. परंतु लोकांच्या मनांत सत्ताधीशाचें जें चित्र वसत असतें त्याचा ती चांगला पुरावा आहे. या कथेंत शब्द देणारा हरतो आणि शब्दाचा अर्थ ताणणारा राज्य करतो. आणि ज्याच्या हातून राज्य जातें तो वारली आहे, ही गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीनें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पुढील काळांत जमीनदार, सावकार आणि जंगलाचा ठेकेदार यांच्या रूपानें वारल्यांसमोर जीं माणसें उभीं राहिलीं, त्यांचा व्यवहारही या कथेहून फारसा निराळा नव्हता. थोडें कर्ज द्यावें आणि त्याची वादी कापीत कापीत कर्जदाराचें आयुष्य वेढावें, हाच तो व्यवहार.

वेठ म्हणजे काय, हें आजच्या वाचकास सांगावें लागतें. जमीनदाराचें बोलावणें आलें कीं स्वतःचें शेत तसेंच टाकून त्याच्या शेतांत राबावयास जावयाचें, आणि त्याबद्दल मजुरी मागावयाची नाहीं. लग्नगडी ही त्याहून भयंकर चाल. लग्नासाठीं घेतलेल्या लहानशा कर्जापायीं नवरा जमीनदाराचा गडी होई, त्याच्याबरोबर बायकोही राबे, आणि कर्ज मात्र फिटत नसे. नकार देणाऱ्यास मारहाण होई. स्त्रियांची अब्रू सुरक्षित नसे. या गोष्टी कोणास ठाऊक नव्हत्या असें नाहीं. मुंबई सरकारचे अधिकारी सिमिंग्टन यांनीं १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आदिवासींच्या स्थितीविषयीं जो अहवाल सादर केला, त्यांत वेठीचें वर्णन आहे. सरकारास माहिती होती, किनाऱ्यावरील सुशिक्षितांस माहिती होती, वारल्यांस तर ती पाठीवरच्या वळांसारखी माहिती होती. तरीही वेठ चालूंच होती. दुःखाचें ज्ञान आणि दुःखाविरुद्ध उठणें यांच्यामध्यें जी दरी असते ती अहवालांनीं भरत नाहीं. ती कशानें भरते, हाच या पुस्तकाचा विषय.

लेखिका या मुलखांतील नव्हत्या. गोदावरी गोखले यांचा जन्म १९०७ सालीं पुण्यास झाला. वडील नामांकित वकील. कायद्याची पदवी घेणाऱ्या महाराष्ट्रांतील आद्य स्त्रियांत त्यांची गणना होते. सत्याग्रहांत तुरुंगवास भोगल्यावर त्या भारत सेवक समाजांत आल्या व त्या संस्थेच्या पहिल्या स्त्री आजीव सदस्य झाल्या. नामदार गोखल्यांनीं १९०५ सालीं पुण्यास स्थापिलेली ही संस्था म्हणजे सार्वजनिक कार्यकर्ते पद्धतशीरपणें घडविण्याचा आपल्याकडील एक थोर प्रयत्न. सभासदानें व्रत म्हणून शपथा घ्याव्यात, स्वतःसाठीं द्रव्य मिळविण्याच्या मागें लागूं नये, आरंभीचीं वर्षें अभ्यासांत आणि देशाटनांत घालवावींत, असा तिचा नेम होता. मुंबईंत साक्षरतेचा प्रसार आणि घरकाम करणाऱ्या मोलकरणींची संघटना हीं कामें गोदावरीबाईंनीं केलीं. १९३९ सालीं शामराव परुळेकर यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. शामराव डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबईच्या विधिमंडळांत निवडून आलेले होते. पुढें हें दांपत्य कम्युनिस्ट पक्षांत गेलें आणि किसान सभेच्या कामास लागलें.

म्हणजे आरंभीं आम्ही ज्या चार गोष्टी सांगितल्या त्यांपैकीं बहुतेक घेऊनच या बाई डोंगरांत आल्या होत्या. विद्या होती, कुळ होतें, धैर्य होतें, व्यासपीठाची सवय होती. आणि पुस्तकाचा पहिला मोठा गुण हा, कीं यांतील कशाचाही तेथें आरंभीं फारसा उपयोग झाला नाहीं, हें तें स्वच्छपणें दाखवितें. शहरी पोशाखाचा मनुष्य पाड्यावर आला तर तो सावकाराचा, ठेकेदाराचा किंवा पोलिसांचा असावयाचा, असाच वारल्यांचा अनुभव. हा नवा पाहुणा आपल्या हिताचें बोलतो म्हणावें, तर बैलाचें कातडें मागणाराही गोडच बोलला असेल! पुण्याच्या सभागृहांत वक्ता बोलतो आणि श्रोते टाळ्या वाजवितात. पाड्यावर वक्त्यास टाळी मिळत नाहीं, मौन मिळतें. जो पुढारी त्या मौनाचा अर्थ ‘हे लोक अडाणी आहेत’ असा लावील तो तेथेंच संपला. गोदावरीबाईंनीं त्याचा अर्थ ‘यांचा विश्वास अजून मिळावयाचा आहे’ असा लावला. त्या पायीं हिंडल्या, झोपडींत राहिल्या, मिळेल तें खाल्लें आणि विशेषतः ऐकत राहिल्या. बोलावयास आलेल्या बाईला ऐकावयास शिकावें लागलें, हा या पुस्तकांतील खरा पहिला अध्याय आहे, मग छापील अनुक्रमणिका कांहींही असो.

आमच्याकडे पुढाऱ्याच्या गुणांत वक्तृत्वाची गणना प्रथम होते. श्रवणाची गणना होतच नाहीं. वस्तुतः भक्तीच्या नऊ प्रकारांत श्रवणास पहिलें स्थान देणाऱ्या परंपरेस ही गोष्ट सुचावयास हवी होती. श्रवण म्हणजे तक्रारी टिपून घेणें नव्हे. त्या तर सिमिंग्टन साहेबांनींही टिपल्या. मनुष्य कशाला भितो, कशाची त्याला लाज वाटते, आणि कोणती गोष्ट केल्यास आपण माणूस आहों असें त्याला वाटेल, हें त्याच्या अर्धवट वाक्यांतून उमजणें म्हणजे श्रवण. हें ज्यास साधलें नाहीं त्याच्या वक्तृत्वाचा उपयोग ज्यांचें मत आधींच जुळलें आहे अशांस आनंद देण्यापलीकडे होत नाहीं.

श्रवणाचें फळ झरीच्या परिषदेंत दिसतें. जानेवारी १९४५ मध्यें टिटवाळा येथें किसान सभेची प्रांतिक परिषद भरली, तीस वारल्यांपैकीं मोजके लोक गेले होते. २३ मे १९४५ रोजीं तेव्हांच्या उंबरगांव तालुक्यांतील झरी या गांवीं जी परिषद झाली तीस ते हजारोंनीं आले. त्या काळीं देशांत स्वराज्याची आणि जगांत महायुद्धाची चर्चा चालूं होती. युरोपांतील युद्ध नुकतेंच संपलें होतें. झरीच्या निर्णयाचें मर्म मात्र एका नकारांत होतें. उद्यां जमीनदाराचें बोलावणें आलें, तर वेठीस जावयाचें नाहीं. त्याच्या शेतावर काम करावयाचें तें रोजीं बारा आणे मजुरी घेऊनच.

वरवर पाहतां ही मागणी लहान आहे. क्रांतीच्या भाषेपुढें तर ती फारच लहान. परंतु पुढाऱ्याची कला जर कोठें असेल तर ती येथें आहे. अमुक एक मोठें ध्येय आहे असें सांगणें सोपें असतें. ज्याला अक्षरओळख नाहीं, ज्याच्या घरीं उद्यांचें धान्य नाहीं, अशा मनुष्यास उद्यां सकाळीं स्वतःच्या पायांवर उभें राहून करतां येईल, आणि केल्यानंतर तो पुन्हा कालचा मनुष्य राहणार नाहीं, अशी एक कृति शोधून काढणें कठीण असतें. वेठ जमीनदाराच्या काठीवर जेवढी चालत होती, तेवढीच वारल्याच्या ‘येतों, शेठ’ या उत्तरावरही चालत होती. काठी हिसकावून घेण्याचें सामर्थ्य त्याच्यापाशीं नव्हतें. उत्तर बदलण्याचें होतें. हें त्याच्या ध्यानांत आणून दिलें, एवढेंच परुळेकरांचें कर्तृत्व. आणि तें थोडें नव्हे.

पुढें गवतकापणीच्या मजुरीचा लढा झाला, तेव्हां मागणी होती ती ५०० पौंड गवतास अडीच रुपयांची. या आंकड्याकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. ‘योग्य मजुरी द्या’ अशी मागणी केली असती तर योग्य म्हणजे काय यावर वाटाघाटी झाल्या असत्या आणि त्यांत शिकलेल्यांचा जय झाला असता. आंकडा मात्र ज्याला वाचतां येत नाहीं त्यालाही तोंडपाठ होतो; तो पाड्यापाड्यावर एकाच स्वरूपांत पोहोंचतो; आणि कोणी फुटला तर तें लगेच कळतें. शब्दाच्या वाद्या कापतां येतात. आंकड्याच्या येत नाहींत. आजचे पुढारी ‘विकास’, ‘न्याय’, ‘अस्मिता’ असे शब्द उधळीत असतात, त्यांच्या मतदारांनीं त्यांस हा अडीच रुपयांचा धडा अवश्य वाचून दाखवावा.

येथवर पाहिल्यास ही एका यशाची कथा वाटेल. परंतु या इतिहासांतील जी घटना आम्हांस सर्वांत अधिक विचार करावयास लावते ती यशाची नाहीं. ऑक्टोबर १९४५ मध्यें तलवाडा येथें वारल्यांचा प्रचंड समुदाय जमला. जमण्याचें कारण एक खोटा निरोप. गोदावरीबाईंच्या नांवानें तो पसरविण्यांत आला होता, आणि त्यांच्या जिवास धोका आहे असें सांगून लोकांस बोलावण्यांत आलें होतें. ज्या बाईनें आपणांस माणूस म्हटलें तिच्या रक्षणासाठीं लोक रात्रीच्या अंधारांत डोंगर उतरून आले. पोलिसांनीं त्यांच्यावर गोळीबार केला. पांच माणसें मेलीं. जेठ्या गांगड हा त्यांपैकींच एक.

या घटनेकडे सामान्यतः दोन दृष्टींनीं पाहतात. कोणास तींत सत्तेचें क्रौर्य दिसतें, कोणास वारल्यांची निष्ठा. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें तींत तिसरीही एक गोष्ट आहे, आणि ती पुढाऱ्यास अंतर्मुख करणारी आहे. वेठ करूं नका, या निर्णयाची नक्कल शत्रूस करतां आली नाहीं. अडीच रुपयांची खोटी प्रत त्यास काढतां आली नाहीं. नक्कल करतां आली ती पुढाऱ्याच्या नांवाची. लोकांची निष्ठा जेथें तत्त्वावर होती तेथें ती अभेद्य ठरली. जेथें ती व्यक्तीवर होती तेथें तिला फसवितां आलें. पुढाऱ्यावर लोकांचें प्रेम बसणें हें त्याच्या यशाचें पहिलें चिन्ह, आणि तेंच त्याच्या कार्यांतील पहिलें भगदाड. आपल्या नांवाचा उपयोग आपल्या लोकांविरुद्ध होऊं शकतो, ही जाणीव ज्यास झाली नाहीं तो पुढारी कितीही लोकप्रिय असो, धोक्याचाच.

या कसोटीची दुसरी बाजू हद्दपारींत दिसते. सरकारनें परुळेकरांस जिल्ह्याबाहेर घालविलें. सत्तेचा हिशोब असा कीं, डोकें दूर केलें म्हणजे धड आपोआप निपचित पडेल. तो हिशोब चुकला. पुढारी हद्दीबाहेर असतां चळवळ विझली नाहीं. जंगलांतील कामगारांचा लढा १९४६ मध्यें पुढें चालला, आणि जानेवारी १९४७ मध्यें नानिवली येथें पुन्हा गोळीबार होऊनही लोक वेठीकडे परतले नाहींत. तलवाड्यास लोक बाईंच्या नांवानें जमले होते. हद्दपारीच्या काळांत ते बाई नसतां टिकले. या दोन प्रसंगांच्या मध्यें कांहीं तरी घडलें, आणि जें घडलें तेंच खरें पुढारीपण. पुढाऱ्याचें यश तो समोर असतां जमणाऱ्या गर्दीवर मोजूं नये. तो दूर गेला असतां लोक काय करतात यावर मोजावें, असें सूत्र या पुस्तकांतून आम्हीं काढलें आहे.

आतां पुस्तकाच्या उणिवांकडे वळूं. ज्या गोष्टीस आम्हीं खरें पुढारीपण म्हटलें, तिची आंतून ओळख पुस्तकांत व्हावी तेवढी होत नाहीं. एकेकट्या वारल्यांचे प्रसंग येतात, मनास चटका लावतात आणि निघून जातात. परंतु त्यांपैकीं एखादा अनुयायाचा पुढारी कसा झाला, पहिल्यांदां इतरांस आज्ञा देतांना त्याच्या मनांत कोणती घालमेल झाली, हें सांगण्याइतका वेळ कथन त्याच्यापाशीं थांबत नाहीं. पुस्तकाच्या नांवांत ‘माणूस’ एकवचनी आहे. पुस्तकांत तो बहुशः अनेकवचनांत भेटतो. दुसरें असें कीं, जमीनदार व सावकार यांचीं चित्रें एकाच रंगाचीं आहेत. त्यांच्या क्रौर्याविषयीं आम्हांस शंका नाहीं; परंतु क्रौर्य करणारा मनुष्य स्वतःस काय समजावीत असतो, हें कळल्यावांचून त्याच्याशीं झगडणाऱ्याचें शिक्षण पुरें होत नाहीं. तिसरी उणीव पक्षाविषयींची. लेखिकेस आपल्या स्वतःच्या भीतीविषयीं, अज्ञानाविषयीं बोलतां येतें. पक्षाचा निर्णय चुकला असेल काय, हा प्रश्न मात्र त्यांच्या लेखणीस फारसा शिवत नाहीं. लोकांस प्रश्न विचारावयास शिकविणाऱ्यानें तो एक प्रश्न दाराबाहेर ठेवावा, हें आम्हांस खटकतें.

या तिसऱ्या कारणावरून कांहीं टीकाकार पुस्तकास प्रचाराच्या सदरांत घालतील. तें आम्हांस मान्य नाहीं. प्रचाराची खूण ही कीं त्यांत प्रचारकास आधींपासून सर्व ठाऊक असतें. या पुस्तकांत लेखिका पानोपानीं शिकत असते, आणि ज्यांच्यापासून ती शिकते ते निरक्षर आहेत. शिवाय तिची भाषा पाहा. अलंकारांचा सोस नाहीं, करुणेचा पूर मुद्दाम आणलेला नाहीं. जें घडलें तें साध्या, सरळ, थोड्या रुक्ष वाक्यांत सांगितलें आहे. ज्या वाक्यांनीं पाड्यावर काम भागलें तींच वाक्यें पुढें पुस्तकांत आलीं असावींत असें वाटतें. मराठी गद्यास हा रुक्षपणा पचवावयास हवा.

पुस्तकाच्या पलीकडे पाहिलें, तर या मुलखाच्या पुढील राजकारणानें आमच्या प्रश्नास तीन उत्तरें दिलेलीं दिसतात. १९५७ सालीं शामराव परुळेकर ठाणें मतदारसंघांतून लोकसभेवर निवडून आले. पुढें १९६५ सालीं स्थानबद्धतेंत त्यांचें निधन झालें. १९६२ सालीं जव्हारचे शेवटचे अधिपति यशवंतराव मुकणे काँग्रेसतर्फे भिवंडी मतदारसंघांतून लोकसभेवर गेले. आणि १९७७ सालीं डहाणूहून लहानू कोम हे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे आदिवासी कार्यकर्ते निवडून आले. बाहेरून आलेला सेवक, वंशानें आलेला राजा, आणि मातींतून उगवलेला कार्यकर्ता, असे हे दिल्लीस जाण्याचे तीन रस्ते. डहाणूचा मतदारसंघ आदिवासींसाठीं राखीव होता, तेव्हां तेथें आदिवासी उमेदवारच निवडून येणार, असें कोणी म्हणेल. तें खरें. परंतु राखीव जागेवर आदिवासी बसतो हें कायद्यानें ठरतें. तो कोणाचा माणूस म्हणून बसतो हें कायद्यानें ठरत नाहीं. जागा राखीव करणें घटनेच्या हातीं आहे, पुढारी घडविणें नाहीं. गोदावरीबाई स्वतः मंत्री झाल्या नाहींत. १९८६ सालीं त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्षा झाल्या आणि १९९६ सालीं निवर्तल्या. निवडणुकीच्या मापानें मोजल्यास शामराव ‘यशस्वी’ ठरतात आणि गोदावरीबाई ठरतच नाहींत. एवढ्यावरूनच तें माप किती आंखूड आहे हें दिसून यावें.

आणि आतां तो भाग, जो आम्हांस लिहिणें जड जातें. वेठ गेली, लग्नगड्याची चाल मोडली, परंतु मुलूख सुखी झाला असें म्हणवत नाहीं. १९९२-९३ मध्यें जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथील बालकांच्या मृत्यूंनीं सारा महाराष्ट्र हादरला. मोखाड्याच्या डोंगरांवर पावसाळ्यांत धो धो पाऊस पडतो आणि उन्हाळ्यांत तेथील पाड्यांस टँकरची वाट पाहावी लागते. त्याच डोंगरांतून वाहणाऱ्या वैतरणेचें पाणी मोडकसागरांत आणि २०१४ पासून मध्य वैतरणेच्या धरणांत सांठून मुंबईच्या नळांस जातें. दिवाळीनंतर घरांस कुलुपें लागतात आणि कुटुंबेंच्या कुटुंबें वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर मजुरीस जातात. या काळांत पुढाऱ्यांची उणीव होती काय? मुळींच नाहीं. ग्रामपंचायतीपासून संसदेपर्यंत प्रत्येक पायरीवर या मुलखाचा प्रतिनिधि आहे. १९९६ च्या कायद्यानें ग्रामसभेस अधिकार मिळाले, २००६ च्या कायद्यानें वनहक्क मान्य झाले. पुढारी आहेत, कायदे आहेत. मुलाच्या ताटांतील घास आणि बाईच्या हंड्यांतील पाणी मात्र अद्याप पुरेसें नाहीं.

यावरून परुळेकरांचें कार्य व्यर्थ गेलें असा निष्कर्ष काढणें चुकीचें होईल. एका पिढीनें दुसरीचे सर्व प्रश्न सोडवावेत अशी अपेक्षा इतिहासापाशीं करतां येत नाहीं. शिवाय मार्च २०१८ मध्यें नाशिकहून मुंबईपर्यंत शेतकऱ्यांचा जो शिस्तबद्ध मोर्चा पायीं गेला, त्यांत वनजमिनीचा हक्क मागणारे आदिवासी मोठ्या संख्येनें होते, आणि तो किसान सभेच्याच झेंड्याखालीं होता. झरीचा वारसा अगदींच पुसला गेलेला नाहीं. परंतु एक भेद स्पष्ट आहे. वेठीच्या वेळीं अन्याय करणारा समोर उभा होता, त्याचें नांव ठाऊक होतें, आणि त्याला ‘नाहीं’ म्हणतां येत होतें. आज पाणी कोण नेतो आणि घास कोण अडवितो, याचें उत्तर खात्याखात्यांत विखुरलेलें आहे. नाहीं म्हणावें तर कोणास? आजच्या पुढाऱ्याचें काम म्हणूनच अधिक कठीण आहे. त्याला पुन्हा पाड्यावर जाऊन ऐकावें लागेल, आणि आजच्या दुःखाचे ‘बारा आणे’ कोणते तें शोधून काढावें लागेल. किती घरांस, दररोज किती हंडे, कोणत्या तारखेपासून, असा तो आंकडा असेल. फलकावर स्वतःची तसबीर लावून तो सांपडणार नाहीं. तसबिरीचें काय होतें तें तलवाड्यानें सांगून ठेवलें आहे.

हें पुस्तक राजकारणांत पडूं इच्छिणाऱ्या तरुणांनीं वाचावें, असें आम्ही सुचवितों. परंतु त्याहूनही अधिक आग्रहानें, जे पुढारी होऊं इच्छीत नाहींत आणि केवळ मत देतात, त्यांनीं वाचावें असें सुचवितों. पुढारी घडतो कसा हें ज्या लोकांस समजलें त्यांस फसविणें कठीण जातें. तुमच्या दारीं येणारा मनुष्य बोलतो किती आणि ऐकतो किती, तो शब्द देतो कीं आंकडा देतो, आणि तो निघून गेल्यावर तुमच्या गांवांत स्वतःहून उभें राहणारें एखादें तरी माणूस मागें राहतें कीं नाहीं, एवढ्या तीन गोष्टी पाहिल्या तरी पुरे. तिसरीचें उत्तर कळावयास वेळ लागतो. तोंवर मत राखून ठेवण्यास कोणाचीच हरकत नसावी.